संत्र्या-लिंबांची वंशावळ

बाजारांत फळांच्या दुकानापुढें उभें राहिलें म्हणजे संत्रें, मोसंबें, कागदी लिंबू, पपनस आणि क्वचित् म्हाळुंग हीं पांच फळें पांच निरनिराळ्या जातींचीं आहेत याविषयीं कोणास शंका येत नाहीं. संत्र्याची साल सैल, मोसंब्याची घट्ट. लिंबू मुठींत मावणारें, तर पपनस नारळाएवढें. म्हाळुंगाची तर सालच सारी, आंतला गर केवळ नांवापुरता. त्यांची चव वेगळी, वास वेगळा, भावही वेगळा. असें असूनही वनस्पतिशास्त्रज्ञ आज सांगतात कीं, या पांचांपैकीं म्हाळुंग आणि पपनस हीं दोनच सरळ मूळ जातींचीं फळें होत. संत्र्याचा मूळ पुरुष स्वतंत्र होता खरा, पण बागांतून लावलेल्या बहुतेक संत्र्यांत पपनसाचा अंश मिसळलेला आहे. आणि मोसंबें व कागदी लिंबू हीं दोन्ही तर संकरांतूनच जन्मलीं आहेत. हें त्यांनीं कशावरून ठरविलें, आणि तें ठरवून काय साधलें, हें आमच्या विद्यार्थी-वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुळांत ‘जाति’ म्हणजे काय, हाच प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. स्वीडन देशांतील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यानें १७५३ सालीं ‘स्पेसीझ प्लँटारम’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध करून प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें लॅटिन नांव देण्याची रीत घालून दिली. आडनांवासारखा पहिला शब्द प्रजातीचा, आणि व्यक्तीच्या नांवासारखा दुसरा शब्द जातीचा. लिंबांच्या ‘सिट्रस’ या प्रजातींत त्यानें त्या ग्रंथांत दोनच जाति धरल्या. एक म्हाळुंगाची, आणि तिच्यांतच लेमन म्हणजे मोठें पिवळें लिंबू; दुसरी कडू नारिंगाची, आणि तिच्यांतच गोड नारिंग व पपनस. ही वाटणी त्यानें पानांच्या देंठांवरून केली होती. ज्यांचा देंठ साधा तीं एकीकडे, ज्यांच्या देंठास दोहों बाजूंनीं पंखासारखी पात फुटलेली तीं दुसरीकडे. कोणाही विद्यार्थ्यानें पपनसाचें एक पान हातांत घेऊन पाहावें. एका पानाच्या टोंकास दुसरें लहान पान जोडावें तसा तो देंठ दिसतो.

डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर जाति ठरविण्याची ही रीत पुष्कळ काळ चालली, व आजही तिच्यावांचून चालत नाहीं. परंतु केवळ दिसण्यावर भागेना, तेव्हां दुसरी कसोटी पुढें आली. अर्न्स्ट मायर या प्राणिशास्त्रज्ञानें १९४२ सालीं ती नेमक्या शब्दांत मांडली : जे जीव आपसांत प्रजा उत्पन्न करतात आणि इतरांपासून प्रजोत्पत्तीच्या बाबतींत तुटलेले असतात, त्यांची एक जाति. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होतें, पण खेचरास वंश नाहीं. म्हणून घोडा व गाढव या दोन जाति. प्राण्यांना ही कसोटी बऱ्यापैकीं लागू पडते. वनस्पति मात्र तिला फारशा जुमानीत नाहींत. लंडनमधील थॉमस फेअरचाइल्ड नांवाच्या रोपवाटिकावाल्यानें १७१७ च्या सुमारास कार्नेशन आणि स्वीट विल्यम या दोन फुलझाडांचा संकर मुद्दाम घडवून आणला. त्यास लोक ‘फेअरचाइल्डचें खेचर’ म्हणूं लागले. पुढें १७६० सालीं केलरॉयटर या जर्मन शास्त्रज्ञानें तंबाखूच्या दोन जातींचा संकर करून त्याची शास्त्रीय परीक्षा केली. त्याचीं संकरज रोपें जोमदार वाढलीं, पण वांझ निघालीं. आतां वांझ खेचर मेलें कीं त्याची गोष्ट संपली. वनस्पतीचें तसें नाहीं. फांदी लावून, डोळा बांधून, कंद फोडून माळी एखाद्या वांझ झाडासही शेंकडों वर्षें जिवंत ठेवूं शकतो.

येथें एक गोष्ट सांगून टाकतों. ‘संकर’ या शब्दास आमच्या भाषेंत एक अनिष्ट वास चिकटून राहिला आहे; जुन्या ग्रंथांतून तो बहुधा दोष दाखविण्यासाठींच योजिलेला आढळतो. वनस्पतिशास्त्रांत मात्र तो शब्द केवळ घडलेली एक घटना सांगतो. आजाऱ्यास ज्या मोसंब्याचा रस आपण देतों, आणि उन्हाळ्यांत ज्या लिंबाचें सरबत करतों, तीं दोन्ही याच ‘दोषा’चीं फळें होत.

लिंबांच्या कुळांत शास्त्रज्ञांचा जितका गोंधळ उडाला तितका क्वचितच कोठें उडाला असेल. अमेरिकेंतील वॉल्टर स्विंगल यानें १९४३ सालीं सिट्रसच्या १६ जाति मानल्या. जपानांतील त्योझाबुरो तानाका यानें ही संख्या वाढवीत वाढवीत शेवटीं १६२ वर नेली. दोघेही आपल्या विषयांत निष्णात, दोघांनींही झाडें प्रत्यक्ष पाहिलेलीं. आणि तरी एकाचा हिशेब दुसऱ्याच्या दसपट! हें असें कां व्हावें ?

त्याचें कारण लिंबवर्गीय झाडांच्या बियांत आहे. सामान्यतः बीं म्हणजे माता आणि पिता या दोहोंच्या संयोगाचें फळ. त्यामुळें बियांपासून आलेलीं रोपें एकमेकांसारखीं नसतात. पण संत्रें, मोसंबें यांसारख्या झाडांत बियाच्या आंत, संयोगाशीं कांहीं संबंध नसतां, मातेच्याच शरीराच्या पेशींपासून आणखी गर्भ तयार होतात. संत्र्याचें एक बीं पेरलें असतां कधीं कधीं दोन-तीन कोंब वर येतात, तें याचमुळें. यांतले बहुतेक कोंब हे मातेची हुबेहुब प्रतिकृति असतात. म्हणजे एखादा संकर योगायोगानें एकदां जन्मला, त्याच्या अंगीं ही शक्ति असली, तर तो बियांवाटेही जसाचा तसा पिढ्यान् पिढ्या चालूं राहतो. बियांपासून सारखेंच झाड येतें हें पाहून तानाकासारख्या अभ्यासकानें त्यास स्वतंत्र जाति मानावें, यांत नवल नाहीं. पपनस व म्हाळुंग यांत ही शक्ति नाहीं; त्यांच्या एका बियांत एकच गर्भ. २०१७ सालीं चिनी संशोधकांनीं ही शक्ति ज्या जनुकापाशीं आहे तें शोधून काढलें, आणि त्या जनुकाच्या अगदीं तोंडाशीं घुसलेला एक लहानसा परका तुकडाही दाखवून दिला.

या गोंधळांतून वाट काढण्याचा पहिला चांगला प्रयत्न १९७५-७६ सालीं अमेरिकेंत झाला. प्रथम स्कोरा यानें, आणि दुसऱ्या वर्षीं बॅरेट व ऱ्होड्स या जोडीनें, असें प्रतिपादन केलें कीं, लागवडींतल्या साऱ्या सिट्रसांच्या मुळाशीं म्हाळुंग, पपनस आणि संत्रें या तीनच खऱ्या जाति आहेत, आणि बाकीचा पसारा हा त्यांच्या मिश्रणाचा आहे. झाडाचीं बाह्य लक्षणें आणि त्यांतील द्रव्यें यांवरून बांधलेला हा तर्क होता. तर्क सुंदर होता. पण साक्षीदार पाहिजे होता.

तो साक्षीदार प्रत्येक पानांत बसलेला होता. सजीवाच्या प्रत्येक पेशींत डी. एन्. ए. नांवाचा एक फार लांब व बारीक धागा असतो, आणि त्या धाग्यावर चार प्रकारचीं रासायनिक अक्षरें एकामागून एक ओंवलेलीं असतात. चारच अक्षरें, पण त्यांचा क्रम हाच त्या सजीवाचा मजकूर. इंग्लंडमधील फ्रेडरिक सँगर यानें हा क्रम वाचण्याची सुलभ पद्धति १९७७ सालीं प्रसिद्ध केली, आणि त्याबद्दल त्यास १९८० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तें त्याचें दुसरें नोबेल होय. २००० सालीं मोहरीच्या कुळांतल्या एका बारीकशा रोपट्याचा संपूर्ण मजकूर वाचून झाला. वनस्पतींत हा मान त्यास पहिला मिळाला. त्यानंतर यंत्रें इतक्या झपाट्यानें सुधारलीं कीं, जें काम पूर्वी अनेक प्रयोगशाळांस मिळून वर्षानुवर्षें पुरे, तें आज कांहीं दिवसांत उरकतें.

या अक्षरांवरून वंश कसा ओळखतात, हें समजण्यास आपल्याकडील पोथ्यांचा दाखला चांगला आहे. छापखाने नव्हते तेव्हां पोथ्या हातानें उतरून घेत. लेखकाच्या हातून एखादें अक्षर चुके, आणि त्याच्या प्रतीवरून जे पुढें नकला करीत, त्यांच्या प्रतींत ती चूक तशीच उतरे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच शिरलेल्या पाठभेदांमुळें. ज्या दोन प्रतींत तीच विशिष्ट चूक सांपडते, त्या एकाच मूळ प्रतीच्या नकला असल्या पाहिजेत, हें कोणीही सांगेल. डी. एन्. ए. चीही प्रत्येक पिढींत नक्कल होते, आणि क्वचित् एखादें अक्षर बदलतें. पपनसाचा वंश आणि संत्र्याचा वंश लक्षावधि वर्षें वेगळे राहिले. तेवढ्या अवधींत पपनसांत त्याचे त्याचे पाठभेद सांचले, संत्र्यांत त्याचे. आतां एखाद्या अज्ञात झाडाच्या मजकुरांत अमुक ठिकाणीं पपनसी पाठ आहे कीं संत्र्याचा, एवढें पाहिलें म्हणजे झालें. एखादें ठिकाण फसवील. पण अशीं लाखों ठिकाणें एकाच दिशेस बोट दाखवूं लागलीं म्हणजे संशयास जागा उरत नाहीं.

शिवाय प्रत्येक झाडापाशीं या पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. सिट्रसांत गुणसूत्रांच्या नऊ जोड्या आहेत, म्हणजे नऊ अध्यायांची पोथी दोनदां लिहिलेली, असें म्हणतां येईल. शुद्ध जातीच्या झाडांत दोन्ही प्रती जवळ जवळ सारख्या असतात. दोन जातींच्या पहिल्या संकरांत मात्र पहिल्या अध्यायाच्या आरंभापासून नवव्याच्या अखेरपर्यंत एक प्रत एका जातीची आणि दुसरी दुसऱ्या जातीची असते. मध्यें कोठेंही खंड पडत नाहीं. ही पहिल्या संकराची अचूक खूण होय.

आणखी एक साक्षीदार आहे, तो याहून गंमतीचा. पानांस हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकांत स्वतःचा एक लहानसा डी. एन्. ए. असतो, मोसंब्याच्या वर्गांत त्याचीं सुमारें १ लाख ६० हजार अक्षरें आहेत. सपुष्प वनस्पतींपैकीं बहुतेकांत हा मजकूर केवळ आईकडून येतो, परागांतून येत नाहीं. म्हणून त्यावरून झाडाचें मातृकुल कळतें. २००९ सालीं शास्त्रज्ञांच्या एका मंडळानें वनस्पति ओळखण्यासाठीं ज्या दोन जनुकांची शिफारस केली तीं दोन्ही हरितलवकांतलींच. दुकानांतल्या मालावरील पट्ट्यांसारखी ही खूण पुष्कळ ठिकाणीं उपयोगी पडते. पण संकराच्या बाबतींत ती एकाच पक्षाची बाजू सांगते. केवळ तिच्यावर विसंबलों तर कडू नारिंग, मोसंबें, लेमन आणि ग्रेपफ्रूट या साऱ्यांस ‘पपनस’ म्हणण्याची पाळी येईल. कारण या सर्वांचें मातृकुल पपनसाचेंच आहे. म्हणून संपूर्ण मजकूर वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हतें.

गोड नारिंगाचा, म्हणजे आपलें मोसंबें ज्या वर्गांत मोडतें त्याचा, संपूर्ण मजकूर चीनमधील वूहान येथील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला. त्याची लांबी सुमारें ३७ कोटि अक्षरें. पुढच्याच वर्षीं, २०१४ सालीं, अनेक देशांतील शास्त्रज्ञांनीं मिळून संत्रीं, पपनसें व नारिंगें यांची तुलना केली. आणि २०१८ सालीं ६० निरनिराळ्या सिट्रसांचा मजकूर एकत्र मांडून ‘नेचर’ या नियतकालिकांत त्यांची वंशावळ दिली. तिच्यांतल्या कांहीं नोंदी पाहूं.

कडू नारिंग हा पपनस आणि शुद्ध संत्रें यांचा साधा पहिला संकर निघाला. वर सांगितलेली अखंड खूण त्यांत नऊही अध्यायांत मिळाली. लेमन हें या कडू नारिंगाचें अपत्य. त्याचा पिता म्हाळुंग. म्हणजे लेमनांत अर्धा अंश म्हाळुंगाचा आणि उरलेल्या अर्ध्यांत पपनस व संत्रें. आपलें कागदी लिंबू या घराण्यांतलें नव्हेच. त्याची माता फिलिपाइन बेटांतील ‘मायक्रांथा’ नांवाची एक रानटी जाति, पिता पुनः म्हाळुंग. कागदी लिंबू आणि लेमन हीं दोन्ही आंबट, म्हणून इंग्रजी शिकणारे विद्यार्थी त्यांची अदलाबदल करतात. वंशावळींत पाहिलें तर त्यांचें नातें केवळ पित्याकडून आहे.

ग्रेपफ्रूटची कथा इतिहासांतही नमूद आहे. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर ग्रिफिथ ह्यूज यानें १७५० सालीं ‘निषिद्ध फळ’ या नांवानें एका फळाचें वर्णन छापलें. युरोपियांनीं त्या बेटांत आणलेलें पपनस आणि गोड नारिंग यांचा तेथें आपोआप संकर होऊन तें जन्मलें होतें. मजकूर वाचल्यावर पपनस आणि गोड नारिंग हेंच त्याचें कुल निश्चित झालें.

मोसंब्याच्या वर्गाचें कोडें मात्र याहून अवघड होतें. त्याचा उगम सांगणारा जुना तर्क असा होता कीं, पपनस व संत्रें यांच्या संकराचा पुनः संत्र्याशीं संयोग झाला आणि गोड नारिंग जन्मलें. तसें असतें तर त्याच्या दोन प्रतींपैकीं निदान एक सर्वत्र संत्र्याचीच असती. पण वाचून पाहतां कांहीं परिच्छेद असे सांपडले कीं, तेथें दोन्ही प्रती पपनसाच्या आहेत ! एवढ्या एका गोष्टीनें तो तर्क कोसळला. कारण दोन्ही बाजूंनीं पपनसाचा अंश आल्याशिवाय असें होणें शक्य नाहीं. म्हणजे माता व पिता हे दोघेही आधींच मिश्र असले पाहिजेत. मातेकडे पपनस अधिक, पित्याकडे संत्रें अधिक.

संत्र्याच्या वर्गांतही पुष्कळांस धक्का बसला. ज्या वर्गांत आपलें नागपुरी संत्रें मोडतें, त्या वर्गांतील शुद्ध समजलेल्या कित्येक वाणांत पपनसाचे लहानमोठे तुकडे निघाले. आणि जेथें तुकडे अधिक, तेथें फळ मोठें व आंबटपणा कमी, असा संबंधही आढळला. शेतकऱ्यांनीं शेंकडों वर्षें चांगलीं फळें निवडून लावलीं, तेव्हां नकळत त्यांनीं पपनसाचे अंशच निवडले होते.

हे तुकडे केव्हां शिरले याचा अंदाजही त्यांच्या लांबीवरून बांधतां येतो. प्रत्येक पिढींत जोडींतल्या दोन गुणसूत्रांची आपसांत अदलाबदल होते, आणि परक्या अंशाचे लांब पट्टे तुटत तुटत आंखूड होत जातात. लांब पट्टा म्हणजे ताजी सोयरीक. बारीक बारीक तुकडे म्हणजे जुनी. अर्थात् येथें एक सावधगिरी लागते. दोन जातींत एखादा पाठ समान दिसला म्हणजे तो संकरानेंच आला, असें नाहीं. दोघींच्या सामाईक पूर्वजापाशीं तो असेल, आणि दोघींनींही तो जपून ठेवला असेल. एकाच आजोबांचें नाक दोन चुलत भावांस मिळालें, म्हणून त्यांच्या घरांत नवी सोयरीक झाली असें आपण म्हणत नाहीं. हा भेद ठरविण्यासाठीं शास्त्रज्ञ एक दूरची तिसरी जाति साक्षीस घेतात, आणि योगायोगानें जितकें साम्य पडावें त्याहून तें अधिक आहे काय, याचा हिशेब मांडतात. वंशावळीच्या कामांतला हा भाग आम्हांस सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

मग जाति या शब्दाचें काय झालें ? पपनस, संत्रें, म्हाळुंग यांचा परस्परांशीं संकर सहज होतो, व त्या संकरांपैकीं पुष्कळ वांझही नसतात. मायरच्या कसोटीचा शब्दशः अर्थ घेतला तर हीं सारीं एकच जाति ठरावींत. पण मजकूर तसें सांगत नाहीं. त्यांच्यामधील पाठभेद इतके आहेत कीं, साठ ते ऐंशीं लाख वर्षांपूर्वीं, मोसमी पावसाचा जोर ओसरूं लागला त्या काळांत, आसामचा पूर्व भाग, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनचा यूनान प्रांत या हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या टापूंतून सिट्रसचे वंश फुटून निघाले असावेत, असा २०१८ च्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. त्यांत असे दहा मूळ वंश धरले आहेत, आणि त्यांपैकीं तीन ऑस्ट्रेलियांतले. त्यांना वेगळें ठेवलें तें वांझपणानें नव्हे, डोंगरांनीं आणि समुद्रांनीं. माणसानें बी-बियाणें हिंडविलें, एका बागेंत तीं शेजारीं शेजारीं लावलीं, आणि सीमा ओलांडली गेली. माणसाचा हात नसतांही असें घडतें : २०२१ सालीं जपानच्या र्‍यूक्यू बेटांतील रानटी झाडांचा मजकूर वाचतांना तेथें एक मूळची स्वतंत्र जाति असल्याचें आढळलें, आणि तेथील ‘शिकुवासा’ हें प्रसिद्ध आंबट फळ तिचा व आशिया खंडावरून आलेल्या संत्र्याचा संकर असल्याचें उघड झालें.

संकरांतून केवळ वाणच होतात असें नाहीं, पक्क्या नव्या जातीही होतात. खपली गव्हांत २८ गुणसूत्रें असतात. पोळीच्या साध्या गव्हांत ४२. ज्यास्तीचीं १४ एका रानगवताकडून आलेलीं आहेत. दोहोंचा संकर होऊन सारीं गुणसूत्रें दुप्पट झालीं, त्यामुळें त्या संकरास वांझपणा राहिला नाहीं आणि तो आपल्या आईबापांपासून कायमचा तुटला.

नांवांची अडचण मात्र गंमतीची आहे. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें संकराच्या नांवांत गुणाकाराचें चिन्ह घालतात, आणि त्याच दोन जातींपासून झालेल्या सर्व संकरांस एकच नांव द्यावें लागतें. कडू नारिंग, मोसंबें व ग्रेपफ्रूट हीं तिन्ही पपनस आणि संत्रें या दोहोंच्याच मिश्रणाचीं. म्हणून डेव्हिड मॅबर्ली यानें १९९७ सालीं खाण्याच्या सिट्रसांचें जें वर्गीकरण केलें त्यांत या तिन्हींस एकाच नांवाखालीं घातलें. शास्त्राच्या दृष्टीनें हें अगदीं बरोबर. फळवाल्यास मात्र तें पटवून देण्याचें काम आम्ही अंगावर घेणार नाहीं.

आणि म्हाळुंग ? वर दिलेल्या साऱ्या नोंदी पुनः पाहिल्या तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानीं येते. लेमन असो, कागदी लिंबू असो, किंवा म्हाळुंग आणि संत्रें यांपासून झालेली आपली जंभेरी असो, म्हाळुंग सर्वत्र पिता आहे, माता कोठेंही नाहीं. तें स्वतः बहुधा आपल्याच परागानें फळतें, म्हणून त्याच्या दोन्ही प्रती जवळ जवळ एकसारख्या असतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातीं जें फळ आहे तें हेंच म्हाळुंग. आज बाजारांत त्यास कोणी विचारीत नाहीं, पण जगांतल्या आंबट लिंबांपैकीं बहुतेकांचें पितृकुल तें आहे.

ही सारी विद्या केवळ कुतूहलाची नाहीं, हें विदर्भांतल्या बागाईतदारास सांगावयास नको. संत्र्याचें कलम करतांना तो जंभेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. हे दोन्ही खुंट म्हाळुंग आणि संत्रें यांचे संकर होत. म्हणजे वरचें झाड ज्या कुळाचें, त्याच कुळाचें अर्धें रक्त खालच्या मुळांतही आहे. कोणता खुंट कोणत्या रोगास दाद देतो, कोणत्या जमिनींत तग धरतो, हें त्याच्या कुळावर अवलंबून असतें. आणि एकाच नांवाखालीं दोन भिन्न कुळांचीं रोपें विकलीं गेलीं तर बागेचें नुकसान कित्येक वर्षांनीं कळून येतें.

याहून मोठें संकट एकसारखेपणाचें आहे. गोड नारिंगाचे जगभर जे वाण आहेत, बेंबीचें नारिंग काय, व्हॅलेन्शिया काय, रक्तासारख्या लाल गराचें काय, ते सारे एकाच मूळ झाडाच्या प्रतिकृति आहेत, असें मजकूर सांगतो. त्यांतले फरक डोळे बांधून वाढवितां वाढवितां फांद्यांत पडलेले किरकोळ पाठभेद होत. गराचा लाल रंगदेखील एका जनुकाशेजारीं उडी मारून बसलेल्या तुकड्याचा परिणाम, हें २०१२ सालीं सिद्ध झालें. प्रतिकृति सर्व सारख्या, म्हणून एकीस जो रोग मारील तो सर्वांस मारील. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत २००५ सालीं ‘ग्रीनिंग’ नांवाचा रोग आढळला. हा एका जंतूचा रोग असून सिला नांवाचा इवलासा कीटक तो झाडाझाडांत पसरवितो. पानें पिवळीं पडतात, फळें वांकडीं व कडू होतात, आणि झाड हळूहळू मरतें. हा रोग आणि वादळें यांनीं मिळून तेथील नारिंगांचें उत्पादन २००३-०४ च्या हंगामाच्या दहाव्या हिश्श्याच्याही खालीं आणलें. रोग आपल्या देशांतही आहे. ऑस्ट्रेलियांतील बोटासारख्या लांबट रानलिंबांत त्यास तोंड देण्याची कांहीं शक्ति दिसते, म्हणून त्यांचे संकर करून पाहणें चालू आहे. पुढील पिढीचें नारिंग आलें तर तें अशाच एखाद्या नव्या सोयरिकींतून येईल. आणि त्यासाठीं रानांतले मूळ वंश शिल्लक असले पाहिजेत.

असा एक वंश आपल्याच देशांत आहे. मेघालयांतील गारो टेंकड्यांत, नोक्रेकच्या रानांत, ‘सिट्रस इंडिका’ नांवाचें एक रानटी संत्रें वाढतें. गारो लोक त्यास ‘मेमांग नारंग’ म्हणतात. मेमांग म्हणजे मृतात्मा. फळ लहान, तांबूस आणि आंबट. बाजारांत त्यास किंमत नाहीं. त्याच्या रक्षणार्थ तेथें जंगलाचा भाग राखून ठेवला आहे, आणि २००९ सालीं युनेस्कोनें नोक्रेकचा समावेश आपल्या जगांतील राखीव जीवावरणांच्या मालिकेंत केला. पण रानाच्या कडेस गांवें आहेत, गांवांत संत्र्याच्या बागा आहेत, आणि मधमाशीस कुंपण ठाऊक नाहीं. गांवच्या संत्र्याचा पराग रानांतल्या फुलावर पडला, तर झालेलें रोप बाहेरून ओळखूं येईलच असें नाहीं. अशा ठिकाणीं कोणतें झाड राखावयाचें आणि कोणाचें बीं संग्रहीं ठेवावयाचें, हें ठरविणारास प्रत्येक झाडाचें एक पान तोडून प्रयोगशाळेंत न्यावें लागतें.